वैऱ्यासाठी साक्ष

डोणगावजवळ, मळ्यातून
६ डिसेंबर १९२८

चि. तुळशीरामास बाईचा सलाम.

इंद्रभानदादाला पोलिसांनी धरून नेलं. हे आधी लिहिते, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता हेच राहून जाईल.

भगवंतराव पाटलांच्या कापसावर राखणीला असायचा तो कडूबा, त्याला बाजारच्या दिवशी दिवस मावळताना कोणी डोक्यात काठी घालून ठार केलं. पाटलांचं आणि इंद्रभानदादाचं बांधावरून वाजलेलं होतंच. त्याच दिवशी सकाळी दादा भर बाजारात ओरडला होता, "तुह्या कापसाले अन् तुह्या राखणदाराले पाहून घेतो." आता पाटलांचे गडी सांगतात, आम्ही त्याला कापसातून पळताना पाहिलं. फौजदार आले, बेड्या घातल्या, घेऊन गेले. खुनाचं कलम आहे. फाशी होईल म्हणतात.

आपला गोठा पेटला तेव्हा या गावात कोणालाच काही दिसलं नव्हतं. बैलांचे दोर सोडता सोडता तुझा डावा हात जळून गेला, दोन्ही बैल आपल्या डोळ्यांसमोर मेले, आणि फौजदारानं विचारलं तेव्हा एकजात सगळे म्हणाले, आम्ही निजलो होतो. पेटवणारा हाच इंद्रभानदादा, आपल्या सख्ख्या काकाचा मुलगा, हे शेंबड्या पोराला माहीत होतं. आता त्याच गावाला तिन्हीसांजेला लांबून माणूस ओळखू येतो.

तुला आनंद होईल म्हणून कळवलं. मलाही झाला. खोटं कशाला बोलू.

मिरचीचं विचारलं होतंस. मिरची गेली. रानडुकरं शिरली. लाल होऊन तोडायला आली होती, सगळी गेली. तू मात्र येऊ नकोस. रेल्वेची नोकरी मुश्किलीनं लागली आहे, आणि इथं तुझं काही काम नाही.

झोप लागत नाही. थंडीनं असेल.

तुझी थोरली बहीण,
वच्छला


१५ डिसेंबर १९२८

चि. तुळशीरामास सलाम.

भुसावळला शेडमधल्या सगळ्यांना तू गूळ वाटलास, हे वाचून मी पत्र मिटवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. तव्यावर भाकर करपली तेव्हा भानावर आले.

तुला एक सांगायचं आहे. वाचता वाचता उठून गाडीत बसू नकोस. शेवटपर्यंत वाच.

रानडुकरं नव्हती.

बाजारच्या दिवशी मी डोणगावला गेलेच नाही. पायात काटा मोडला होता. दिवस कलल्यावर बसल्या बसल्या तुरीच्या शेंगा तोडत होते. पावलं वाजली म्हणून तुरीतून पाहिलं तर इंद्रभानदादा. इकडेतिकडे न बघता तो मिरचीत शिरला आणि दोन्ही हातांनी झाडं उपटायला लागला. उपटायचा, आपटायचा, पायाखाली चुरडायचा. मी जागची हलले नाही. भ्याले. त्याच्या हातात कुऱ्हाड नव्हती, काठीही नव्हती, तरी भ्याले, कारण तो रडत होता. एवढा मिशाळ माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि म्हणत होता, "बाटग्याईनं माही पोर घरी बसवली. माही पोर बसवली."

नंतर कळलं, त्याच्या रुख्मिणीची सोयरीक त्याच दिवशी पुन्हा मोडली. चुलत घर किरिस्ताव आहे म्हणून. आबांनी आपल्याला घेऊन बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही पोरगी पाळण्यात होती. तिच्या पदरात ते आता पडतं आहे.

मग त्यानं त्याच हातांनी डोळे पुसले. मिरची चुरडलेल्या हातांनी. केवढ्यानं ओरडला! काही दिसेना त्याला. हात पुढं करून चाचपडत विहिरीकडे निघाला. आपल्या विहिरीला कठडा नाही हे तुला माहीत आहे. त्याचं पाऊल कुठं पडतं आहे ते मला दिसत होतं. 'दादा, थांब,' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही, तुळशीराम. मी वाट पाहिली. पडतो का, त्याची वाट पाहिली.

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याला ठेच लागून तो काठावरच बसला. थारोळ्यात साचलेलं पाणी डोळ्यांवर मारत राहिला. पार अंधार पडेपर्यंत तिथंच होता, आणि मी तुरीत.

त्याच वेळी गावाच्या पलीकडल्या टोकाला कडूबाला मारलं.

म्हणजे इंद्रभानदादानं मारलं नाही. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक आणि आता तुला.

डुकरं लिहिली, कारण खरं लिहिलं असतं तर तू कुऱ्हाड घेऊन आला असतास. आता कुऱ्हाडीची गरजच राहिली नाही. मी फक्त गप्प बसायचं. एवढं सोपं वैर कोणाच्या वाट्याला येत असेल?

आणि तरी मी सारखी उठते, बसते. घरातून मळ्यात जाते, मळ्यातून घरात येते, कशाला गेले होते ते आठवत नाही. तू लिही.

वच्छला


२३ डिसेंबर १९२८

चि. तुळशीरामास सलाम.

तुझं उत्तर मिळालं. "तोंड उघडलंस तर मले बहीण नाही." दुसरं काही लिहिलं नाहीस. खाली नावही घातलं नाहीस.

ते पत्र आलं त्याच दिवशी आशावहिनी आली. इंद्रभानदादाची बायको आपल्या दारात यायला किती वर्षं लागली! उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी बस म्हटलं नाही, ती बसली नाही.

"ते म्हणतात, मी वच्छलेच्या मळ्यात होतो," ती म्हणाली. "मिरची उपटून राह्यलो होतो म्हणतात. कोणी आयकत नाही. वकील म्हणते, ज्याचं नुकसान केलं थेच मानूस सांगन काय?"

"मग मी काय करू?"

"तुमी पाह्यलं काय त्यायले?"

मी उंबऱ्याकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाह्यलं तुमी." पाया पडली नाही, रडली नाही. जाता जाता वळली. "गोठा पेटला त्या दिवशी त्यायच्या धोतराले राकेलाचा वास होता. मी धुतलं ते धोतर. फौजदारानं मले इचारलं तवा मी नाही म्हनलं. तुमाले काय सांगाव, कोन्या तोंडानं सांगाव?" आणि गेली.

मला तिचा इतका संताप आला की दाराची कडी घालताना बोट चेमटलं. धोतर धुतलं! दोन वर्षं ती विहिरीवर समोरून जाते आणि तिला माहीत होतं.

मग मी आपल्या पाळकसाहेबांकडे गेले. महादेवराव चांगला माणूस आहे, तुला माहीत आहे. त्या रविवारी त्यांनी वैऱ्याला क्षमा करण्यावरच उपदेश केला होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि चष्मा पुसत बसले. म्हणाले, "वच्छलाबाई, तुम्ही त्याला मनातून क्षमा करा. पण कोर्टात उभं राहायचं म्हणजे भगवंतरावांच्या विरुद्ध उभं राहायचं. गावात आपली चार घरं. शाळेची जागा त्यांच्याच कृपेनं आहे. विचार करा."

म्हणजे मनातून क्षमा करायची आणि त्याला फासावर जाऊ द्यायचं. मी म्हटलं, "साहेब, मला उलटं जमेल. मनातून क्षमा काही होत नाही." 

तुळशीराम, वैऱ्यावर प्रीती करा, हे आपण लहानपणापासून ऐकलं. मी फार प्रयत्न केला. डोळे मिटून त्याचं तोंड आठवते, तर तुझा जळका हात आठवतो, कातडं लोंबणारा. प्रीती काही येत नाही. पण खरं बोलायला प्रीती लागते कुठं?

उद्या नाताळची तयारी आहे. मी देवळात पताका लावायला जाणार नाही असं कळवलं आहे. चित्त थाऱ्यावर नाही.

वच्छला


१२ जानेवारी १९२९

तुळशीरामास सलाम.

तू हे फाडणार असशील तर फाड. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी साक्ष दिली.

बुलडाण्याला चिखलीवरून मोटारीनं गेले, एकटीच. पाळकसाहेब येतो म्हणाले आणि आदल्या दिवशी त्यांना ताप भरला. ताप खरा होता, मी हात लावून पाहिला. कोर्टाबाहेर लिंबाखाली भगवंतराव पाटील माणसं घेऊन बसले होते. मला म्हणाले, "वच्छलाबाई, तुमी कोनीकडे?" इतकं गोड बोलले की मी पदर आवळून आत शिरले.

आत इंद्रभानदादा उभा होता. दाढी वाढलेली, सदरा ढगळ झालेला. माझं नाव पुकारलं तशी त्यानं मान वर केली आणि मला पाहून डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं असेल, ही शेवटचा खिळा ठोकायला आली.

मी तुरीपासून थारोळ्यापर्यंत सगळं सांगितलं. मग सरकारी वकील उठला.

"आरोपी तुमचा कोण?"

"चुलत भाऊ."

"म्हणजे भावाला वाचवायला आलात. रक्ताचं नातं!" त्यानं हाकिमाकडे पाहिलं. लोक हसले.

तुळशीराम, तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. सगळ्या जगात मी या माणसाला वाचवायला आले, तेही मायेपोटी! मी मोठ्यानं बोलले. मला मडमेच्या शाळेतली भाषासुद्धा आठवली नाही.

"माया? सायेब, या मानसानं आमचा गोठा जाळला. दोन बैल जित्ते जळले. माह्या भावाचा हात गेला, त्याले शेती सोडून परमुलखात रेल्वेची झाडलोट करा लागते. गावात एकानंही साक्ष देल्ली नाही. मिरची उपटली ते येगळंच. हा मानूस इहिरीत पडत होता तवा मी त्याले हाकसुदिक नाही मारली. मले त्याची माया नाही. पर कडूबाले त्यानं नाही मारलं. तो माह्या मयात होता. मी काय करू?"

 हाकीम चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. सावकाश म्हणाले, "बाई, मग तुम्ही आलात कशाला? घरी बसला असतात तरी चाललं असतं."

"बसून पाह्यलं," मी म्हटलं. "बसवल्या नाही गेलं."

ते त्यांनी लिहून घेतलं का नाही, माहीत नाही. पाटलांच्या गड्यांना उलटे प्रश्न विचारले तेव्हा एक म्हणाला दादाच्या डोक्याला पागोटं होतं, दुसरा म्हणाला उघडा होता. दुसऱ्या दिवशी हाकिमांनी त्याला सोडलं.

म्हणजे माझा राग पाहून त्यांना माझं बोलणं खरं वाटलं. मी त्याच्यावर दया दाखवली असती तर तो लटकला असता. हे काय आहे, मला कळत नाही. मी चांगलं केलं का? सगळ्या जिल्ह्यासमोर मी त्याला आगलाव्या म्हटलं, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बाहेर भगवंतराव उठून उभे राहिले. या वेळी गोड बोलले नाहीत. "ध्यानात ठेवतो बाई," म्हणाले.

वच्छला


१८ फेब्रुवारी १९२९

तुळशीरामास सलाम.

तुझं पत्र नाही. रोज टपालवाल्याला विचारत नाही आता, लाज वाटते.

इकडचं कळवते. डोणगावच्या बाजारात माझी वांगी कोणी घेत नाही. पाटलांनी सांगून ठेवलं आहे. टोपली घेऊन जाते, टोपली घेऊन येते. थोडी वांगी पाळकीणबाईंना दिली, बाकीची वाळवली. मिशनची शाळा अजून सुरू आहे, पण महादेवराव हल्ली माझ्याशी बोलताना दाराकडे बघतात. कडूबाला कोणी मारलं ते अजून उघडकीला आलं नाही. त्याची बायको पोरं घेऊन माहेरी गेली. तिनं मला बाजारात पाहिलं आणि थुंकली. तिला वाटतं, मी तिच्या नवऱ्याचा मारेकरी सोडवला. तिला मी काय सांगू?

आता मुख्य गोष्ट. काल इंद्रभानदादा मळ्यात आला. मी वाफ्याला पाणी फिरवत होते. हातातलं फावडं सोडलं नाही.

बांधावरून आत आला नाही तो.  मग म्हणाला, "काऊन केलं तू?"

"मले माहीत नाही."

"तुह्या येशूचा उपकार मले नोको."

"मग घेऊ नोको. मी उपकार म्हनून नाही केलं."

"कोर्टात सगळ्याइदेखत बोल्ली, का गोठा म्या जाळला."

"मग खोटं हाय काय थे?"

तुळशीराम, पाणी वाफा फोडून बाहेर चाललं होतं, मला दिसत होतं, पण मी वळवलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खाली बघत होता. 

"नाही," म्हणाला. "म्याच जाळला. बैलं आत हायेत हे मले माहीत नव्हतं. मले वाटलं तुळशीरामानं बैलं मयात बांधले. मग हंबरले थे. मी पयालो. मी आयकलं अन् पयालो."

मला वाटलं होतं, तो कधीतरी कबूल करेल तेव्हा मला शांत वाटेल. मला फावडं उचलावंसं वाटलं. एवढं सगळं करून, कोर्टात जाऊन, वांगी वाळवून, शेवटी मला फावडंच उचलावंसं वाटलं. मी ते चिखलात रोवलं आणि दांड्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिले.

तो म्हणाला, "माफ कर म्हनत नाही."

मी म्हटलं, "माह्या मिरचीचं मी सोडलं. इहिरीपाशी मी हाक मारली नाही, थे तू सोड. पर बैलं तुळशीरामाचे. हात तुळशीरामाचा. त्याची माफी मी देनारी कोन?"

तर त्यानं तुझा पत्ता मागितला.

मी दिला. चुकले का, माहीत नाही. तो परवा निघतो आहे, नांदुऱ्याला गाडी धरील. बरोबर कोणी नाही. मी त्याला म्हटलं, तुळशीराम तुला जिवंत सोडणार नाही. तो म्हणाला, "हाव. जाऊन राह्यलो."

हे पत्र त्याच्या आधी तुला मिळावं म्हणून आताच टपालात टाकते. त्याला काही करू नकोस असं मी लिहिणार होते. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मी जे केलं ते माझ्या वाट्याचं केलं. तुझ्या वाट्याचं मला करता येत नाही, आणि तू कर असं सांगायलाही मी कोण? मी चार वाफे मिरची गमावली. तू सगळंच गमावलंस.

फक्त एक. तुझ्या हातून काही झालं, तर मला तुझ्या विरुद्ध साक्ष द्यायला लावू नकोस. मी खोटं बोलणार नाही हे आता तुला माहीत आहे.

देव तुझ्याजवळ राहो. माझ्याजवळ सध्या आहे का, कळत नाही.

वच्छला


२४ फेब्रुवारी १९२९

प्रिय तुळशीरामा,

इंद्रभानदादा परत आला. धडधाकट आला. त्याला फाट्यावरून चालत येताना पाहिलं तेव्हा मी मळ्यातून धावत सुटले, वहाणासुद्धा घातल्या नाहीत. आशावहिनीही धावली. दोघी त्याच्यासमोर एकदमच पोचलो आणि एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

तो सरळ घरी गेला, आंघोळ केली, मग ओट्यावर बसला आणि मलाही बसायला सांगितलं. त्याच्या ओट्यावर मी आपल्या बाप्तिस्म्याआधी बसले होते, त्यानंतर आजच.

त्यानं जे सांगितलं ते लिहिते. खोटं असेल तर तू कळव.

तुझ्या खोलीच्या दारात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, बैल हंबरले तेही. तू ऐकलंस आणि दार लावून घेतलंस. तो पायरीवरच बसला. तू दुपारी ड्यूटीवर गेलास, त्याला ओलांडून गेलास. दिवस कलल्यावर आलास, पुन्हा ओलांडून आत गेलास. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि खोलीतून त्याला भाकरीचा वास येत होता. तू एका हातानं भाकर थापतोस ते ऐकू येतं, तो म्हणाला. एका हाताची थाप वेगळी वाजते.

मग तू दार उघडलंस. ताटली त्याच्या पुढ्यात ठेवलीस आणि म्हणालास, "खा अन् जाय. म्या तुले माफ नाही केलं."

तो म्हणाला, "वच्छला, मी खाल्लं. त्याच्या हातचं खाल्लं."  आशावहिनीनं विचारलं, "किरिस्तावाच्या घरचं?" तर तिच्यावर खेकसला, "गप बस." मग हळूच मला म्हणाला, "भाकरीवर ठेचा होता. ठेच्यावर त्यानं तेल टाकलं होतं." आणि पागोट्याचा शेव तोंडावर घेऊन ओट्यावरच आडवा झाला.

मी घरी आले, तेव्हापासून जागेवर बसता येत नाही. दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

माफ केलं नाही म्हणालास, ते मी मानते. माफ केलं नसताना केलं म्हणाला असतास तर मला आवडलं नसतं. तुला जेव्हा वाटेल तेव्हा वाटेल, नाही वाटलं तर नाही. मी त्याबद्दल तुला कधी विचारणार नाही.

पण नुसती भाकर पुढ्यात टाकली असतीस तरी त्यानं खाल्ली असती. कोरडी खाल्ली असती. तुझ्या खोलीत तेलाची बाटली फळीवर वर असते, तूच मागे लिहिलं होतंस, उंदरं येतात म्हणून. एका हातानं ती काढायची, बूच दातांनी उघडायचं.

तुला कोणी सांगितलं होतं रे, तेल टाकायला?

तुझी बाई,
वच्छला